मनगटाशी थांबलेली खूण

हाताची नस, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे तर मज्जातंतूंची दोरी, कापलेल्या रुग्णांचे पुनर्वसन हे माझे काम आहे, आणि त्या कामातले सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे माझी मधल्या बोटाची टिचकी. जोडलेल्या नसेवरून तळहाताच्या बाजूने वर सरकत हलकेच ठोकत गेले, की एका जागी रुग्णाच्या बोटांत मुंग्यांची लहर उठते. नव्याने वाढणाऱ्या तंतूंची टोके तिथवर पोहोचलेली असतात. फ्रान्सचे टिनेल आणि जर्मनीचे हॉफमन यांनी पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिक तपासताना, एकमेकांच्या शत्रुराष्ट्रांत राहून, १९१५ मध्ये ही खूण स्वतंत्रपणे मांडली. नस जोडल्यावर सुरुवातीचे तीन-चार आठवडे काहीच घडताना दिसत नाही. त्यानंतर खूण दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकते. दर भेटीला मी पेनाने ठिपका काढते, जखमेपासूनचे अंतर टेपने मोजते आणि कागदावर लिहून ठेवते.

हा रुग्ण सव्वीस वर्षांचा, पुण्यात अॅल्युमिनिअमच्या खिडक्या बसवणारा. २०२४ च्या एप्रिलमध्ये काच निसटून उजव्या हाताची मधली नस, म्हणजे अंगठा तळहातासमोर आणणाऱ्या स्नायूंना चालवणारी नस, मनगटाच्या घडीपासून अकरा सेंटिमीटर वर कापली गेली. त्याच रात्री सूक्ष्मदर्शकाखाली नस जोडली गेली, आणि टाके उत्तम होते, हे मी आजही म्हणेन. ऑगस्टच्या मध्याला खूण जखमेपासून साडेनऊ सेंटिमीटरवर आली होती. अंगठा अजून तळहातासमोर येत नव्हता, पण वेळापत्रक जुळत होते.

पुढच्या दोन भेटींना तो आला नाही. मी त्याच्या कागदावर ‘रुग्ण अनियमित’ असे लिहिले. आमच्या विभागात हा शेरा फार सहज लिहिला जातो, कारण त्यानंतर येणाऱ्या कोणत्याही अपयशाची जबाबदारी आपोआप रुग्णावर जाते.

तो आला सप्टेंबरच्या अखेरीस, आईचा हात धरून. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात त्याला चिकुनगुनिया झाला होता. त्या पावसाळ्यात पुण्यात ज्याच्या त्याच्या घरी तो होताच. ताप चार दिवसांत उतरला, पण घोटे, गुडघे आणि दोन्ही मनगटे सुजलेली राहिली. हिशेबाप्रमाणे खूण एव्हाना तळहातात तीन सेंटिमीटर शिरलेली असायला हवी होती. ती नेमकी मनगटाच्या घडीवर उमटली. दोन आठवड्यांनी पुन्हा तिथेच. त्याच्या आईने विचारले, “मॅडम, तापाने नस परत तुटली का हो?” मी नाही म्हटले, पण का नाही, हे मला सांगता आले नाही.

चिकुनगुनियानंतर क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते; पण त्याचे पाय, डावा हात आणि प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत होत्या, म्हणजे ते नव्हते. दुसऱ्या एका डॉक्टरांनी बी-१२ ची लाल इंजेक्शने लिहून दिली होती. आपल्याकडे नसेचे नाव निघाले की ती लिहिली जातातच. या रुग्णाला त्यांचा काही उपयोग नव्हता.

मला उत्तर सुचले ते त्याच्या मनगटाची स्प्लिंट, म्हणजे हात स्थिर ठेवणारा पट्ट्यांचा आधार, काढताना. पट्ट्यांचे वळ मनगटावर खोल उमटले होते. मधली नस मनगटात हाडे आणि जाड पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून, बोटे वळवणाऱ्या नऊ स्नायुबंधांच्या सोबतीने जाते. चिकुनगुनियात या स्नायुबंधांची आवरणे सुजतात आणि धडधाकट माणसाचीही नस तिथे आवळली जाते. इथे तर कोवळे तंतू त्या बोगद्याच्या तोंडाशी पोहोचत असतानाच बोगदा सुजला होता, आणि वरून मी ऑगस्टच्या मापाची स्प्लिंट आवळून बांधायला सांगितली होती. कापलेल्या नसेचा पुढचा भाग झडतो, आणि तिथला कचरा साफ करून नव्या तंतूंना वाट मोकळी करणाऱ्या भक्षकपेशी जखम भरण्यासाठी अत्यावश्यक असतात. चिकुनगुनियाच्या सांध्यांतही याच जातीच्या पेशी गोळा होतात, आणि तिथे मात्र त्या सूज जागती ठेवतात.

सोनोग्राफीची तारीख मिळायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे म्हणजे दोन सेंटिमीटर, हे तारखा देणाऱ्या खिडकीपलीकडच्या माणसाला समजावणे मला जमलेले नाही. नसेविना पडून राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षानंतर तंतू पोहोचले तरी नीट साथ देत नाही. अंगठ्याच्या स्नायूंचे निम्मे वर्ष तेव्हाच संपले होते. सोनोग्राफीत आवरणे जाड आणि नस चपटी दिसली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शल्यचिकित्सकांनी तो पट्टा कापून बोगदा मोकळा केला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खूण घडीपासून अडीच सेंटिमीटर पुढे सापडली. फेब्रुवारीत अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवून त्याला अंगठा उचलायला सांगितले, तेव्हा कातडीखाली बारीकशी थरथर जाणवली. शल्यचिकित्सकांच्या मते शस्त्रक्रियेने वाट मोकळी झाली. माझी खात्री तेवढी पक्की नाही. मधल्या काळात सांध्यांची सूजही आपसूक उतरत चालली होती, आणि मी स्प्लिंट सैल केली होती. तिन्हींतले कशाने किती झाले, हे एका हातावरून ठरवता येत नाही.

आता नस जोडलेला रुग्ण ताप येऊन गेल्याचे सांगतो, तेव्हा टिचकी मारण्याआधी मी टेपने मनगटाचा घेर मोजते. त्या जुन्या कागदावरचा ‘अनियमित’ हा शब्द मी खोडला, शेजारी तापाची तारीख लिहिली आणि खाली सही केली.