शोभेच्या कांद्याची आमची वाटचाल

सुरुवात चाळीस कंदांनी झाली. ॲलियम जायगँटियम, मध्य आशियातला उंच शोभेचा कांदा. छातीपर्यंत चढणारा दांडा, टोकाला जांभळा चेंडू. ज्यांनी लावलाय त्यांना मी वेगळं काय सांगणार! मी आणि माझा मेहुणा, दोघांत मिळून काट्याचं एक फावडं आणि एक फळी.

ती फळी अजून माझ्याकडे आहे. मेहुण्याने तिला मोठ्यापासून लहानापर्यंत गोल भोकं पाडली होती, परीघ मोजून. कंद जिथे अडकला ती त्याची प्रत. आता तयार मापं मिळतात, पण बुडाशी अंगठा दाबून बघितल्याशिवाय मी आजही प्रत ठरवत नाही. बूड मऊ लागलं तर कंद केवढाही मोठा असो, विकायचा नाही.

या पिकात घाई चालत नाही. एका कंदाला पिल्लं एखाद-दोनच, आणि बियांपासून फूल बघायला पाच-सहा वर्षं. घाई मी केली. चौथ्या वर्षी मागणी वाढली, माल पुरेना. याच धंद्यातल्या एकाने स्वतःहून कंद देऊ केले, 'माझ्या शेतातलेच आहेत' म्हणाला. मेहुणा म्हणाला, "एक वर्ष वेगळ्या वाफ्यात लावून बघू." मी ऐकलं नाही. शरदात त्याचे कंद खालच्या शेतात आमच्या वाफ्याशेजारीच लावले.

वसंतात दांडा दिसायच्या आधीच पानं पिवळी पडली. पानांचे शेंडे तर जायगँटियमचे फुलायच्या सुमारास वाळतातच, म्हणून आठवडाभर मनाची समजूत घालत राहिलो. मग एक रोप धरून हलकेच ओढलं, ते सरळ हातात आलं. मुळं नव्हतीच. बुडाशी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात खसखशीएवढे काळे दाणे. पांढरी सड, कांद्याच्या जातीला लागणारा बुरशीचा रोग. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना त्या दाण्यांचा अर्थ सांगायला नको. बुरशी त्यांतूनच पुन्हा रुजते; ते मातीत वीस वर्षंसुद्धा तग धरतात, आणि बुटाला, फावड्याला चिकटून पुढच्या वाफ्यात जातात. आम्ही बूट न धुता दोन्ही वाफ्यांत फिरलो होतो. आमचे जुने चाळीस आणि त्यांची पिल्लंही गेली.

आणि ज्याच्या कंदांतून हे आलं, तोच गिऱ्हाइकांना सांगत सुटला की आमच्या मातीतच रोग आहे. त्याच्याकडे जाऊन मी सडलेले कंद पुढ्यात ठेवले. त्याने हात लावला नाही. आजही तो कंद विकतो. ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

वाचवलं ते फुलांची सजावट करणाऱ्या एका ताईंनी. पहिल्या वर्षापासून आमचे दांडे त्याच घ्यायच्या, एक तृतीयांश कळ्या उमललेल्या असताना. पाण्यात ब्लीचचे दोन-चार थेंब टाकले की कांद्याचा वास मागे राहत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. आदल्या उन्हाळ्यातले वाळलेले चेंडू त्यांच्या दुकानात उलटे टांगलेले होते. "दादा, यांत बी असेल ना?" असं म्हणून त्यांनी सगळे उतरवून दिले. कागदावर झटकल्यावर काळं बी पडलं. ही सड बियांतून येत नाही. ग्लोबमास्टरसारखा संकरित वाण असता तर हेही जमलं नसतं. तो वांझ, त्याला बी धरत नाही.

वरची जमीन खंडाने घेतली, नवं फावडं घेतलं, बी शरदात पेरून थंडी खाऊ दिली. सगळं उगवलं नाही. मधली वर्षं दुसरी फुलं विकून काढली. सहाव्या वर्षी पहिला चेंडू उमलला, तो ताईंना दिला. त्यानंतर धंदा नीट चालला आहे.

नव्यांना एवढंच सांगतो: कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा, पाणी साचेल तिथे लावूच नका, पिवळी दिसली म्हणून पानं कापू नका. पुढच्या वर्षीचा कंद तीच भरतात. ती पिवळी पानं डोळ्यांना खुपत असतील तर पुढे बुटकी झाडं लावा. विकत आणलेला कंद कुणाचाही असो, एक वर्ष वेगळा ठेवा. माझ्याकडून घेतलेला असला तरी.

खालच्या शेतात आम्ही ओल आणि गारवा असताना लसणाची पूड मिसळतो. सडीच्या दाण्यांना कांद्याची मुळं जवळ आल्यासारखं वाटतं, ते रुजतात आणि खायला काही न मिळाल्याने मरतात. मग दर शरदात तिथे दहा साधे कांदे लावून बघतो. त्या शेताचे बूट आणि फावडं वेगळं आहे. यंदा आठ निरोगी निघाले. दोन ओढताच हातात आले.