लेकीची बारावी, सीयूईटी आणि काउन्सिलर मॅडम

2025 साली लेक बारावीला होती. सीबीएसई, कॉमर्स, सोबत मॅथ्स. आम्ही इंदूरचे, राजेंद्रनगरात राहतो. मी होळकर कॉलेजची बीएस्सी. माझ्या वेळी निकाल लागला की मार्कशीट घेऊन खिडकीपाशी रांगेत उभं राहायचं, एवढीच प्रवेशप्रक्रिया होती. सीयूईटीचा, म्हणजे पदवीप्रवेशाच्या देशव्यापी सामायिक परीक्षेचा, फॉर्म समोर आला तेव्हा घरातल्या कुणाचंही शिक्षण कामाला येईना.

ज्यांच्या घरी अजून ही वेळ आलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सीयूईटी 2022 पासून आहे. आमच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या, म्हणजे डीएव्हीव्हीच्या, खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरातल्या अनेक अभ्यासक्रमांचे प्रवेश तिच्यावर होतात. बाकी कॉलेजांसाठी उच्च शिक्षण विभागाचं ई-प्रवेश पोर्टल आहे, तिथे बारावीचे टक्के चालतात. इथवर सोपं आहे. मेख अशी की 2025 साली सीयूईटीचा फॉर्म मार्चमध्ये, बोर्डाचे पेपर चालू असतानाच भरायचा होता आणि कुठले पेपर देणार तेही तेव्हाच सांगायचं. जास्तीत जास्त पाच. अभ्यासक्रमाला लागणारा पेपर त्यात नसेल, तर बाकीच्यांत कितीही मार्क पडोत, तिथे नंबर लागत नाही. कॉलेज जुलैत निवडायचं असं आपण म्हणतो, पण अर्धी निवड हा फॉर्म भरतानाच होऊन गेलेली असते.

हे मला समजावलं लेकीच्या शाळेतल्या काउन्सिलर मॅडमनी. लायब्ररीशेजारच्या खोलीत त्या बसतात. खोली कसली, एक टेबल, तीन खुर्च्या आणि मागे स्पोर्ट्सवाल्यांचं कपाट, ज्यातून अधूनमधून कुणीतरी येऊन नेट घेऊन जातं. करिअर, कॉलेज आणि मुलांचं मन, तिन्ही खाती त्यांच्याकडेच. अकरावीत शाळेने एक अॅप्टिट्यूड टेस्ट घेतली होती, रंगीत आलेखांचा जाडजूड रिपोर्ट आला होता. माझं स्पष्ट मत आहे की त्या रिपोर्टचा उपयोग शून्य. लेकीला लोकांत मिसळायला आवडतं आणि आकड्यांत गती आहे, हे तिच्या आत्याने फुकटात सांगितलं असतं.

उपयोगी पडला तो मॅडमनी हाताने आखलेला तक्ता. आडव्या ओळींत अभ्यासक्रम: आयआयपीएसचा (हा डीएव्हीव्हीचाच एक विभाग) पाच वर्षांचा एमबीए, बीकॉम ऑनर्स, इकॉनॉमिक्स. उभ्या रकान्यांत सीयूईटीचे पेपर. ज्याला जो लागतो तिथे टिक. हे सगळं विद्यापीठांच्या माहितीपत्रकात असतंच, पण विखुरलेलं. एका कागदावर आलं आणि लगेच दिसलं की इंग्रजी आणि जनरल टेस्ट घेतली तर बरीच दारं उघडी राहतात, अकाउंटन्सी आणि इकॉनॉमिक्सने उरलेली. पाचवा पेपर मॅडमनी घेऊ दिला नाही. “भरायला जागा आहे म्हणून भरू नका,” म्हणाल्या. (यादीतल्या तेरा भाषांत मराठीही आहे हे ऐकून सासूबाईंना भारी आनंद झाला होता, पण नातीचं मराठी वाचन दुकानांच्या पाट्यांच्या पुढे गेलेलं नाही.)

आता नावाचा घोळ. इंदूरच्या मराठी घरांत हा हमखास निघतो. आधारवर लेकीचं नाव आपल्या रीतीने, मध्ये वडिलांचं नाव घालून. दहावीच्या मार्कशीटवर फक्त नाव आणि आडनाव, इकडच्या शाळांच्या रीतीने. समग्र आयडीवर, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या रहिवासी ओळख क्रमांकावर, आडनावाचं स्पेलिंगच वेगळं. परीक्षेच्या फॉर्मवर नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे लागतं आणि समग्रची ई-केवायसी आधारशी जुळवून होते. ओढाताण मधल्या मध्ये. एमपी ऑनलाइनच्या सेवा केंद्रावरचा भैया म्हणाला, “आपके महाराष्ट्रियन लोगों में ये हर साल होता है।” शेवटी आधार मार्कशीटप्रमाणे करून घेतलं आणि मग समग्र आधारप्रमाणे. क्रम हाच ठेवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून फॉर्मवरची स्पेलिंग मोठ्याने वाचून घ्या. मूल निवासी (डोमिसाइल) दाखलाही दिवाळीतच काढून ठेवलेला बरा. जूनमध्ये लोकसेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

मॅडमशी पहिल्या भेटीत मात्र यातलं काहीच निघालं नव्हतं. मी फाइल उघडून बसले आणि त्यांनी विचारलं, “पहले ये बताइए, सोती कब है?” दोन-अडीच वाजता, मी म्हटलं, जरा अभिमानानेच. टिफिन अर्धा परत येत होता, रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर डोकं ठेवून झोपून जायची, बोललं की अंगावर यायची. घरात सगळ्यांनी ते बारावीच्या खात्यावर जमा केलं होतं. मॅडमनी तिला आठवड्यातून एकदा, तिसऱ्या तासाला बोलवायला सुरुवात केली. सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून दबक्या आवाजात विचारलं, “काही झालंय का तिला?” काही झालेलं नाही, होऊ नये म्हणून जाते, असं मी सांगितलं. त्यांना पटलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात त्यांनीच तिच्या डब्यात मॅडमसाठी बेसनाचा लाडू दिला.

त्या भेटींत काय बोलणं होतं, हे मॅडम मला सांगत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या की तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर त्याच दिवशी फोन करेन, बाकी तिचं तिच्यापाशी. मला तेव्हा रागच आला. फी आम्ही भरतो आणि आम्हालाच बाहेर बसवता? पण आईला सगळं कळणार असतं तर लेकीने तिथे तोंडच उघडलं नसतं, हेही खरं. महिन्याभराने ती अकराला झोपू लागली. अभ्यास पहाटे. टिफिन रिकामा.

13 मेचा दिवस कुणाच्याही घरी येऊ नये. सीबीएसईचा बारावीचा निकाल त्याच दिवशी लागला आणि सीयूईटीही त्याच दिवशी सुरू झाली. लेकीचा पेपर नंतर होता, तरी तिच्या ग्रुपवर एकीकडे टक्के आणि दुसरीकडे पेपर कसा गेला, असा कल्लोळ. मॅडमनी आधीच बजावलं होतं की निकाल घरच्यांसोबत बघा आणि मग फोन संध्याकाळपर्यंत आईकडे. तिने चक्क दिला.

त्याच महिन्यात माझ्या चुलत जावेचा मुलगा नीटला बसला होता. 4 मेला इंदूरात वादळ झालं, बऱ्याच केंद्रांवर वीज गेली, त्याने अंधारात पेपर लिहिला. पुढे ते प्रकरण हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात गेलं, रोज पेपरात बातमी. पोरगं जेवेना, बोलेना. तो इंदूरच्याच भंवरकुआं भागातल्या कोचिंगमध्ये, तिथे असं विचारणारं कुणी नाही. मॅडमनीच 14416 नंबर दिला, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो. जावेने मुलाच्या आधी स्वतः फोन केला आणि त्याच्याशी कसं बोलायचं ते विचारून घेतलं. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना काउन्सिलर नेमायला सांगितलं, त्यात कोचिंगही धरलं आहे. नेमणूक कागदावर होते की खुर्चीवर, ते बघायचं.

सीयूईटीत अकाउंटन्सीच्या पेपरातल्या एका युनिटवरून वाद झाला आणि सुरुवातीच्या दिवसांत पेपर दिलेल्यांना पुन्हा बसायची मुभा मिळाली. लेक त्यांच्यातलीच. बसू की नको यावर घरात तीन मतं. मॅडमनी मत दिलं नाही. तक्ता काढला आणि विचारलं, तुझ्या पहिल्या पसंतीला हा पेपर लागतो का? नव्हता लागत. विषय संपला, ती झोपायला गेली.

जुलैच्या सुरुवातीला सीयूईटीचा निकाल आला. सीयूईटी दिली म्हणजे विद्यापीठाकडे अर्ज गेला असं नसतं. डीएव्हीव्हीची नोंदणी वेगळी, फी वेगळी, पसंतीक्रम वेगळा. मायग्रेशन सर्टिफिकेट डिजिलॉकरमध्ये मिळालं, टीसी मात्र शाळेतूनच आणावी लागली. आयआयपीएसला नंबर लागला.

देवासची मामेबहीण परवा विचारत होती. तिचा मुलगा अकरावीत, शाळेत काउन्सिलर नाही. तिला तक्त्याचा फोटो पाठवला आणि बजावलं की टिकच्या खुणा माझ्या बघू नकोस, फक्त रकाने घे. कुठल्या अभ्यासक्रमाला कुठला पेपर, हे विद्यापीठं बदलतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून नव्याने भर. आणि पोराला एकट्याला बसवून भरू नकोस, पण त्याच्या हातातलं पेनही घेऊ नकोस. तिचा उलटा मेसेज आला: “तो दीडला झोपतो गं.”