ओला चमचा

आमच्या आईकडे लोणच्याच्या दोन बरण्या. एक रोजची, काचेची, ओट्यावर असते, तिच्यात घरातल्या सगळ्यांचे चमचे जातात. दुसरी चिनीमातीची, खाली पांढरी वर तपकिरी, तोंडाला दादरा बांधून माळ्यावर. मोठी बरणी महिन्या-दीड महिन्याने खाली येते, आई हात दोनदा पुसते, कोरड्या डावाने लहान बरणी भरते, दादरा पुन्हा आवळून बांधते आणि बरणी परत वर. मधल्या काळात तिला कुणी हात लावायचा नाही. लहानपणी मी एकदा स्टुलावर चढून ओला चमचा घातला होता, त्या वर्षी बुरशी आली आणि त्यानंतर घरात काहीही खराब झालं, अगदी पंखा बंद पडला तरी, आईची पहिली नजर माझ्याकडे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा रविवारी मी घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप घेत बसलो होतो.

मी अकाउंटंट आहे. ऑफिसात टॅलीतल्या हिशोबांचा बॅकअप रोज संध्याकाळी, न चुकता, सोमवार ते शनिवार सहा पेन ड्राइव्ह, प्रत्येकावर वाराची चिठ्ठी. आणि घरी? काही नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. ३१ मार्चला वर्ल्ड बॅकअप डे असतो म्हणे, २०११ पासून, एक एप्रिलला आपला एप्रिल फूल होऊ नये म्हणून आदल्या दिवशी डेटा कॉपी करून ठेवा असा त्यातला विनोद. ज्याने हा दिवस काढला त्याने आपल्याकडचं इयर एंडिंग बघितलेलं नसणार, त्या दिवशी मला स्वतःचं जेवण आठवत नाही तर बॅकअप कुठला आठवतोय.

२०१४ मध्ये व्हायचं ते झालं. टेबलावर एक्स्टर्नल हार्ड डिस्क, तिची वायर खाली लोंबतेय, माझा पाय त्यात अडकला. पडली पण किती, अडीच फूट. पण चालू असताना पडली. आत तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या मारत असते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, हे मला दुसऱ्या दिवशी रिकव्हरीवाल्याकडे कळलं. डिस्क टक, टक, टक करत होती, जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखी. त्याने ती कानाला लावली, मान हलवली आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी डिस्क पिशवीत घालून गुपचूप घरी आलो.

मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो त्यात होते आणि फक्त त्यातच होते. म्हणजे आपण त्याला बॅकअप म्हणत होतो एवढंच, लॅपटॉपवर जागा नाही म्हणून फोटो तिकडे हलवून इकडचे उडवले होते. प्रत एकच राहिली, फक्त डबा बदलला. पुष्कळ लोक हेच करतात आणि निवांत झोपतात.

फोटो मिळाले, थोडे. बायकोने वेळोवेळी नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले. मग आम्ही पंधरा दिवस सगळ्या मावश्या, आत्या, काकूंच्या मागे लागलो, आणि एकेकीच्या फोनमधून शंभर सुप्रभात, चाळीस गणपती आणि त्यात मधेच आमची लेक पालथी पडलेली, असा ऐवज गोळा झाला. सगळे फोटो आकसलेले, मोठे करून बघायला गेलं की नाकाचे चौकोन होतात. पण आहेत.

तेव्हापासून मी सुधारलो. नवीन डिस्क आणली, एक टीबीची. लावल्यावर दिसते ९३१ जीबी. बायको म्हणाली फसवलं तुला. मी तिला समजावलं की हे बिल्टअप आणि कार्पेटसारखं आहे, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, जागा तीच. "मग फ्लॅट घेताना पण हेच म्हणाला होतास," ती म्हणाली. विषय बदलला.

त्या डिस्कवर दर रविवारी आपोआप बॅकअप लावून ठेवला. बिनधास्त. आठ महिन्यांनी सहज एक फाइल शोधायला गेलो तर शेवटची तारीख आठ महिन्यांपूर्वीची. काय झालं होतं, मधे कधीतरी डिस्क काढून दुसऱ्या पोर्टला लावली आणि विंडोजने तिचं ई नाव बदलून एफ केलं. बॅकअप बिचारा दर रविवारी उठायचा, ई कुठेय बघायचा, दिसत नाही म्हणून परत झोपायचा. एका शब्दाने बोलला नाही. ऑफिसात असा माणूस असता तर काढून टाकला असता, पण इथे चूक माझीच, आठ महिन्यांत एकदाही झाकण उघडून बघितलं नव्हतं. आई बघते. बरणी खाली आली की आधी वास घेते, मग डाव घालते.

मग नॅस घेतला. म्हणजे घरातल्या वायफायच्या राउटरला जोडलेली हार्ड डिस्कची पेटी, घरातले सगळे कॉम्प्युटर आणि फोन तिच्यावर कॉपी करू शकतात. दोन डिस्क, एकावर जे जातं तेच दुसऱ्यावर, एक गेली तर दुसरी आहेच. पहिल्या रात्री ४०० जीबी टाकायला घेतले. वायफायवर वेळ दाखवली एक दिवस सहा तास. मग तीन तास. मग दोन दिवस. ही वेळ कोण ठरवतं मला माहीत नाही पण घराचं पझेशन सांगणारा माणूस आणि हा एकच असावा. शेवटी वायफाय सोडून केबल लावली तर वेग ११ एमबी सेकंदाला, त्याच्या वर जायलाच तयार नाही. पेटी गिगाबिट, राउटर गिगाबिट, लॅपटॉप गिगाबिट, म्हणजे ११० च्या आसपास मिळायला हवा. रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन केबलचं टोक डोळ्याजवळ धरून बघितलं तर पारदर्शक क्लिपमध्ये आठाच्या जागी चारच तारा. आमच्या केबलवाल्याने बनवून दिलेली. गिगाबिटला आठही तारा लागतात, चारवर शंभर मेगाबिटच मिळतात, म्हणजे तेच सेकंदाला ११ एमबी. सकाळी त्याला फोन केला तर म्हणतो, "चार तारांवर नेट चालतंय ना साहेब? मग उरलेल्या चार कशाला वाया घालवायच्या?" त्याच्या हिशोबाने त्याने माझी बचत केली होती. चारच तारांवर ४०० जीबीला दहा तास गेले, आठ तारांची केबल आणल्यावर तेवढंच काम तासाभरात.

पण त्या दोन डिस्कचा जो भ्रम असतो तो मुलीने उतरवला. दोन्हीकडे एकच गोष्ट असणं म्हणजे बॅकअप असं मला वाटायचं. तिने शाळेच्या प्रोजेक्टचा फोल्डर चुकून उडवला, तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी गेला. जाणारच. आरशासमोर उभं राहून मिशी काढली तर आरशातली मिशी शिल्लक राहत नाही. फोल्डर वाचला तो माळ्यावरच्या डिस्कमुळे, जी आदल्या रविवारी लावून काढून ठेवली होती.

हो, डिस्क माळ्यावरच. कारण ओला चमचा. मे २०१७ मध्ये तो वॉनाक्राय व्हायरस आला होता बघा, फाइलींना कुलूप घालून किल्लीसाठी पैसे मागणारा, त्याच जातीचा एक पुढच्या वर्षी माझ्या ओळखीतल्या एका दुकानदाराच्या बिलिंगच्या मशिनमध्ये शिरला. त्याच्याकडे बॅकअप होता. रोजचा होता. पण डिस्क कायम मशिनला लावलेली, काढायचा कंटाळा, त्यामुळे कुलूप दोन्हीकडे एकदम लागलं. सारखी जोडलेली डिस्क म्हणजे ओट्यावरचीच दुसरी बरणी. काम झालं की काढायची, दादरा बांधायचा आणि वर ठेवायची, याला बाजारात काहीतरी भारी नाव आहे पण आमच्या आईला ते कधी लागलं नाही.

तीन-दोन-एक असा एक नियम आहे, पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत मी सांगलीला आईबाबांकडे ठेवायचो, दर दिवाळीला जुनी आणायची नवी ठेवायची. नदीजवळच्या गावभागातलं घर. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

ऑगस्ट २०१९. बाबा पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले, कोयना धरणातून किती पाणी सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं याचा हिशोब ते भाजीच्या हिशोबासारखा ठेवतात. ४५ फुटांना धोक्याची पातळी, त्याच्या आधीच ते म्हणाले चला. विश्रामबागला काकांकडे जायला रिक्षा बोलावली. बरोबर काय घेतलं तर घराची कागदपत्रं, बीपीच्या गोळ्या, देव, आणि मांडीवर लोणच्याची मोठी बरणी. डिस्क कपाटात खालच्या खणात राहिली. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी फोनवर विचारलं, "आई, ती काळी डबी घेतलीस का गं?" तर म्हणाली, "अरे ती वरची बरणी आहे ना, ती मी घेतली." तिला वाटलं मी लोणच्याचीच चौकशी करतोय.

डिस्क गेली. चिखल धुऊन आठवण म्हणून ठेवलीय. पण गंमत अशी की पहिल्यांदाच डिस्क गेली आणि मी शांत जेवलो. बाकीच्या दोन प्रती ठाण्याला आमच्या घरी होत्या.

आता परवाच्या रविवारकडे येतो. जुन्या डिस्कवरचं नव्या नॅसवर नेताना एक फाइल दिसली. बाबांच्या पहिल्या कॉम्प्युटरवरची, एक्सेलची, नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'महत्त्वाचे'. २००८ पासून ती एका डिस्कवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जात आलीय, कुणी उघडलेली नाही. मी उघडली. तारखा नीट दिसतायत, आकडे नीट दिसतायत, ३२, २९, ३४, १८, ५४ असे, पण मथळे आणि शेवटचा रकाना म्हणजे इंग्रजी अक्षरांना टोप्या आणि शेपट्या फुटलेल्या. जुनी गोष्ट आहे, युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठी मराठीच दिसण्याची सोय, आमच्याकडे रुळण्याच्या आधीची. बाबा ऑफिसात टाइपरायटरवर मराठी शिकलेले, तसाच कीबोर्ड मिळतो म्हणून घरी त्या काळच्या फॉन्टवर टाइप करायचे. अशा फाइलीत मराठी नसतंच, नुसते कोड असतात, फॉन्ट आहे तोवर ते मराठी दिसतात. फॉन्ट गेला की मजकूर आहे तसा शाबूत आणि वाचता एक अक्षर येत नाही. बरणी आहे, लोणचं आहे, कशाचं ते कळत नाही.

मी अकाउंटंट, मला आकड्यांवरून वाटलं बाबांनी कुणाला हातउसने दिलेत आणि दिवस मोजलेत. बायको म्हणाली बीपी असेल. ५४ बीपी असेल तर ते आज फोनवर नसते, मी म्हटलं. मग फोनच लावला.

"बाबा, महत्त्वाचे नावाची फाइल आहे तुमची, काय आहे त्यात?"

"अरे मला काय आठवतंय आता. महत्त्वाचंच असणार, तसं लिहिलंय ना वर."

"आणि तो फॉन्ट? सीडी होती ना तुमच्याकडे?"

"कपाटात होती, खालच्या खणात," बाबा म्हणाले आणि दोघंही गप्प झालो.

फॉन्ट सापडला शेवटी, माझ्याच एका बावळटपणात. २००८ साली बॅकअप कसा घेतात हे माहीत नव्हतं म्हणून मी बाबांचा अख्खा सी ड्राइव्ह, विंडोजच्या फोल्डरसकट, जसाच्या तसा कॉपी केला होता. इतकी वर्षं त्याला जागा खातो म्हणून शिव्या घातल्या, दोनदा उडवायला घेतला आणि आळसामुळे राहिला. त्यात विंडोजच्या पोटात फॉन्ट्सचा फोल्डर, त्यात बाबांचा फॉन्ट. इन्स्टॉल केला, एक्सेल बंद करून परत उघडलं आणि त्या टोप्या-शेपट्यांची अक्षरं होऊन जागच्या जागी बसली.

नंबर लावला. आला. लागला. संपला. दिवस. शेरा.

गॅस सिलिंडर. २००४ ते २००८, एकूण एक. मी बायकोला हाक मारली, ती कणकेचे हात घेऊन आली आणि आम्ही दोघं उभ्यानेच वाचत राहिलो. बहुतेक शेरे रिकामे. ऑक्टोबर २००६, १८ दिवस, शेरा: फराळ, दोन्ही घरचा. जानेवारी २००५, २६ दिवस, शेरा: पाणी तापवणे, बंब नादुरुस्त. एके ठिकाणी २२ दिवस आणि शेरा: वजन कमी वाटले, बोललो, मानले नाही.

५४ दिवसांची ओळ मे २००७ ची होती. ताईच्या बाळंतपणाला आई दोन महिने नाशिकला गेली होती तेव्हाची.

शेरा: सौ. नाशिकला. खिचडी. लोणचे संपले, वरची बरणी काढली नाही.