चिऱ्याच्या भिंतीपलीकडचा सर्व्हर

डेलचा पॉवरएज आर७२० हा जुना सर्व्हर घरच्या रोजच्या संगणकासारखा वापरता यावा, या खटाटोपाला आता सहा महिने होत आले. हा मजकूर मी त्यावरच लिहितो आहे, तरीही काम पूर्ण झाले असे अजून म्हणवत नाही. जुना सर्व्हर घ्यायचे ज्यांच्या मनात आहे त्यांनी प्रोसेसर आणि रॅमचे आकडे पाहण्याआधी घरातले अर्थिंग, घरातल्या माणसांची झोप आणि भिंतीची जाडी पाहावी, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले तेवढे इथे नोंदवतो.

यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतले आणि रात्रीच्या बसच्या डिकीतून गोव्यातल्या फोंड्याला आणले. सर्व्हरच्या रॅकच्या मापाने दोन यू उंचीचे हे धूड पाऊण मीटरच्या आसपास लांब आहे आणि वजन तीस किलोच्या घरात जाते, त्यामुळे स्टँडवरून गावापर्यंत ते रिक्षात मांडीवर घेऊन येण्याची कल्पना कोणी करू नये. २०१२ साली बाजारात आलेल्या या मॉडेलात दोन प्रोसेसर बसतात आणि डीडीआर३ रॅमसाठी चोवीस खाचा असतात. माझ्या यंत्रात सहा कोअरचे इंटेलचे दोन झिऑन ई५-२६२० प्रोसेसर, रॅमच्या आठ-आठ जीबीच्या सोळा पट्ट्या, सर्व्हरसाठीच्या सहाशे जीबीच्या आठ एसएएस डिस्क आणि ७५० वॉटचे दोन पीएसयू (वीजपुरवठ्याचे डबे) होते. विकणाऱ्याने डिस्क पुसल्या नव्हत्या. त्यात काय आहे हे न पाहता मी त्या आधी पुसून टाकल्या. आयड्रॅक म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणारा त्याच्यातलाच स्वतंत्र छोटा संगणक. त्याचा पासवर्डही कोणी बदललेला नव्हता, म्हणजे 'रूट' आणि 'कॅल्विन' ही डेलची जगजाहीर जोडी तशीच चालली. घरच्या नेटवर्कला जोडण्यापूर्वी ती बदलणे हे पहिले काम.

एवढे मोठे यंत्र कशासाठी, हा प्रश्न घरातही विचारला गेला. आजोबांनी जपून ठेवलेल्या जुन्या मराठी मासिकांची सुमारे अकरा हजार पाने मी स्कॅन केली आहेत आणि चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रॅमकडून त्यांचा मजकूर करून घेतो आहे. एका पानापुरते पाहिले तर नवा लॅपटॉप या सर्व्हरपेक्षा वेगवान आहे. पण टेसरॅक्टला प्रत्येक पानासाठी एकच धागा (थ्रेड), म्हणजे एकच कोअर, वापरायला सांगितले आणि पाने एकदम सोडली, तर जितके कोअर तितकी पाने एकाच वेळी चालतात, आणि तिथे हा म्हातारा लॅपटॉपला मागे टाकतो. ज्यांचे काम ब्राउझर आणि पत्रव्यवहार एवढेच आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा यंत्र माजघरातल्या टेबलावर होते. सुरू होताना आतले सहाही पंखे पूर्ण वेगाने फिरतात. आई न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "दाबोळीचं विमान आता घरात उतरवणार काय रे?" अर्ध्या मिनिटात आवाज उतरला, पण त्या गडबडीत मी झाकणाला हात लावला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. ही गोष्ट आवाजापेक्षा किती तरी गंभीर होती.

पीएसयूच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून पेटीकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, आणि त्यांच्यातून अत्यल्प प्रवाह सतत अर्थकडे वाहत असतो. अर्थ चांगला असेल तर तो मुकाट्याने जमिनीत जातो; अर्थ नावापुरताच असेल तर पेटीवर घरच्या विजेच्या निम्म्या दाबाच्या आसपासचा विद्युतदाब उभा राहतो आणि माणूस त्याची वाट बनतो. दोन पीएसयू म्हणजे ही गळतीही दुप्पट. मल्टिमीटरने पाहिले तेव्हा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ३८ व्होल्ट निघाले, जिथे दोन-तीनपेक्षा जास्त असायला नकोत. आमच्या गावातल्या वायरमन काकांचा आकड्यांवर विश्वास नाही. त्यांनी होल्डरमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून एक टोक फेजला आणि दुसरे अर्थला धरले. बल्बाची तार निखाऱ्यासारखी जेमतेम लाल झाली. "हा अर्थ नव्हे, नुसती हिरवी वायर," एवढे बोलून त्यांनी सामान आवरले. (हा प्रयोग त्यांच्यासारख्या सवयीच्या माणसानेच करावा.)

आमची जमीन चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जांभ्याचा विद्युतरोध आधीच जास्त, त्यात पावसाळा सरला की वरचा थर वाळून खडखडीत होतो, म्हणून घराच्या मागचा जुना अर्थ हिवाळ्यातच निकामी झाला होता. नवा खड्डा विहिरीच्या कडेला, जिथे माती बारमाही ओलसर असते, तिथे घेतला. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, आणि वर पाणी ओतायला नरसाळे. त्यानंतर न्यूट्रल-अर्थ दाब १.६ व्होल्टवर आला. त्याबरोबरच गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घेतला. या सगळ्याला प्रोसेसरच्या जोडीपेक्षा जास्त खर्च आला आणि त्याबद्दल मला तिळमात्र खंत नाही. एप्रिल-मे महिन्यांत त्या नरसाळ्यात आठवड्यातून दोन बादल्या ओतणे आता माझ्याकडे आहे.

मग मुख्य कामाकडे वळलो. सर्व्हरमध्ये आवाजाची सोय नसते. चित्रासाठी मॅट्रॉक्सची जी२०० ही चिप व्हीजीए खोबणीपुरती दिलेली असते, आणि तिच्यावर साधे पान वरखाली केले तरी ते गचके खात सरकते. यूएसबीही २.० आहे. मी एएमडीचे रेडिऑन प्रो डब्ल्यूएक्स ४१०० कार्ड घेतले. ते एकाच खाचेत मावते, पन्नास वॉटच्या आत भागवते, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही आणि लिनक्सचा खुला ड्रायव्हर ते आपोआप ओळखतो. त्याला चार मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत आणि मॉनिटरच्या स्पीकरवर आवाजही त्यातूनच जातो, त्यामुळे साउंड कार्डाचा प्रश्न फुकटात मिटला. यूएसबी ३.० चे कार्ड घेताना मात्र पाहून घ्यावे, कारण बरीच कार्डे साटा किंवा मोलेक्स जोडणीतून जादा वीज मागतात आणि या पेटीत तशी मोकळी वायर शोधूनही मिळत नाही. केवळ खाचेतून वीज घेणारे कार्डच इथे उपयोगाचे.

कार्ड बसवताच पंखे पुन्हा चढले आणि उतरेनात. डेलच्या यादीत नसलेले कार्ड दिसले की ते किती तापेल हे आयड्रॅकला कळत नाही, म्हणून ते सावधगिरीने हवा वाढवून ठेवते. डेटा सेंटरमध्ये शेजारी माणूस बसलेला नसतो, तेव्हा त्याचे तिथले वागणे बरोबरच आहे. यावर उपाय म्हणजे आयड्रॅकला आज्ञा पाठवणारा आयपीएमआयटूल हा प्रोग्रॅम. 'रॉ' या आज्ञेपुढे हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत, ३०, ३०, ०१, ०० दिले की पंख्यांचा ताबा आपल्याकडे येतो. ३०, ३०, ०२, एफएफ, १४ दिले की सगळे पंखे वीस टक्क्यांवर येतात, कारण हेक्समधले १४ म्हणजे दशमान २०. आणि ३०, ३०, ०१, ०१ दिले की ताबा पुन्हा आयड्रॅककडे जातो. ही तिसरी आज्ञा सर्वांत महत्त्वाची आहे. ताबा आपल्याकडे असताना यंत्र तापले तरी पंखे स्वतःहून वाढत नाहीत. माझी स्क्रिप्ट दर वीस सेकंदांनी तापमान वाचते आणि कोणताही प्रोसेसर ६५ अंशांवर गेला की ताबा परत देऊन टाकते. स्क्रिप्ट स्वतःच मेली तर काय, हा प्रश्न मला जानेवारीत एका रात्री अडीच वाजता पडला. तेव्हापासून ती लिनक्समधल्या सिस्टमडी या व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली आहे आणि ती बंद पडली की तिसरी आज्ञा आपोआप जाते. प्रोसेसरवरचा प्लास्टिकचा श्राऊड (हवेला वाट देणारे आवरण) आवाज कमी होईल या आशेने कोणी काढू नये. त्याच्यामुळेच वीस टक्के हवा नेमकी हीटसिंकमधून जाते. आणखी एक इशारा: चौदाव्या पिढीच्या, म्हणजे आर७४० वगैरे यंत्रांत आयड्रॅक९ च्या ३.३४ पासूनच्या फर्मवेअरमध्ये ही वाट बंद केलेली आहे. घरासाठी घ्यायचे तर बारावी (आर७२० तीच) किंवा तेरावी पिढीच घ्यावी.

प्रोसेसर बदलताना दहा कोअरचा ई५-२६८० व्ही२ घ्यावा असा मोह होता. त्याची मूळ गती २.८ गिगाहर्ट्झ. मी आठ कोअरचा ई५-२६६७ व्ही२ निवडला, कारण त्याची गती ३.३ असून टर्बोत तो ४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि समोर बसून काम करणाऱ्याला कोअरच्या संख्येपेक्षा हा फरक जास्त जाणवतो. व्ही२ चिप बसवण्याआधी, जुन्या चिपवरच, बायोस (यंत्र सुरू करणारी मूळ प्रणाली) अद्ययावत करून घ्यावी. एक प्रोसेसर काढून वीज वाचवण्याचाही विचार केला होता, पण जादा कार्डांच्या (पीसीआयई) खाचा आणि रॅमच्या खाचा या दोघांत वाटलेल्या असतात. एक काढला की त्याच्या वाट्याच्या खाचा आंधळ्या होतात. रॅम सोळा जीबीच्या आठ पट्ट्यांवर आणली, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरच्या चारही चॅनेलवर एकेक. एकूण १२८ जीबी तीच राहिली आणि पट्ट्या निम्म्या झाल्या.

एनव्हीएमई ही नवी वेगवान डिस्क साध्या अडॅप्टरवर पीसीआयई खाचेत बसते आणि चांगली पळते, पण या बायोसला तिच्यावरून बूट करता येत नाही. आतल्या बाजूला एक यूएसबी खोबण आहे. तिथल्या पेनड्राइव्हवर यंत्र सुरू होताना लागणारे ईएफआय आणि बूट विभाग ठेवले, बाकी सगळी प्रणाली एनव्हीएमईवर. मार्चमध्ये कर्नल अद्ययावत होत असतानाच तो पेनड्राइव्ह गेला आणि एक रविवार खर्ची पडला. आता त्याची हुबेहूब प्रत टेबलाच्या खणात असते.

प्रणाली डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. विंडोज ११ च्या पात्रतेत हे प्रोसेसर बसतच नाहीत. लिनक्समध्येही थोडे जपून राहावे लागते, कारण या व्ही२ चिपांच्या आयव्ही ब्रिज पिढीत एव्हीएक्स२ हा आज्ञासंच नाही आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला ते लागतेच.

विजेचा हिशेब वॉटमीटर लावून ठेवला आहे. आले त्या स्थितीत यंत्र नुसते बसून २१२ वॉट घेत होते. आठ एसएएस डिस्क काढल्यावर ४४ कमी झाले, निम्म्या रॅमपट्ट्यांनी १६, दुसरा पीएसयू काढल्याने ११, आणि उरलेले २३ बहुतांशी पंख्यांनी दिले. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा केला तर वीज आठपट कमी लागते, हे तोवर मला फक्त पुस्तकात माहीत होते. आता ११८ वॉटवर गाडी थांबली आहे. रोज आठ तासांप्रमाणे महिन्याला २८ युनिट. पण बंद असतानाही आयड्रॅक जागे असते आणि १३ वॉट खाते. त्या सोळा तासांचे आणखी सहा युनिट होतात. (एक पीएसयू काढल्यावर समोरचा दिवा पिवळा लुकलुकतो, आयड्रॅकमध्ये रिडन्डन्सी, म्हणजे दुसऱ्या पीएसयूची अपेक्षा, बंद केली की शांत होतो.)

झोपवण्याची सोय, म्हणजे सस्पेंड, या यंत्रात नाही. चालू किंवा बंद, मधले काही नाही. बटणापासून लॉगिनपर्यंत सुरुवातीला साडेचार मिनिटे लागत; प्रत्येक वेळी सामानाची यादी करण्याचा पर्याय आणि नेटवर्क बूट बंद केल्यावर ती पावणेतीन झाली. तेवढ्यात चहा होतो. लाइन गेली तर मात्र हे सगळे पहिल्यापासून. जुना यूपीएस चौकोनी लहरींची वीज देत असे आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढून घेणारे सर्किट) असलेला पीएसयू ती घेताना दर वेळी बंद पडे. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतल्यापासून तक्रार नाही.

एवढे करूनही माजघरात रात्री यंत्राची घरघर ऐकू येतच होती. शेवटी उपाय सापडला तो घरातच. माजघर आणि कोठीची खोली यांच्यामधली भिंत दीड फूट जाडीच्या चिऱ्याची आहे. चिरा मऊ, ड्रिलला फारशी हरकत घेत नाही. अर्ध्या तासात दोन इंची भोक पडले. यंत्र कोठीत गेले, डिस्प्लेपोर्ट आणि यूएसबी या पाच-पाच मीटरच्या केबल भिंतीतून इकडे आल्या. यूएसबी २.० ची मर्यादाच पाच मीटर आहे, त्यामुळे यंत्र भिंतीला टेकूनच ठेवावे लागले. आता टेबलावर फक्त पडदा आणि कळफलक. आवाज शून्य.

कोठीत लाल धूळ आहे, म्हणून समोर फोमची गाळणी लावली. तिच्याने तापमान तीन अंशांनी वाढले, तेवढे चालवून घेतो. पाली शिरू नयेत म्हणून रिकाम्या पीएसयूच्या जागी बारीक जाळी ठोकली. राहिला पावसाळा. आर्द्रता नव्वदीच्या आसपास गेली की थंड पडलेल्या धातूवर ओल धरते, पण चालू यंत्र भोवतीच्या हवेपेक्षा गरम असते आणि त्याच्यावर ती धरत नाही. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते रात्रीही चालू ठेवायचे आणि पानांचा मजकूर तेव्हाच काढून घ्यायचा असे ठरवले आहे. महिन्याला किमान पन्नासेक युनिट जादा जातील.

मेच्या शेवटी अवेळी पाऊस आला आणि आईची अर्धवट सुकलेली आमसुले अंगणातून आत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर यंत्राच्या मागे, गरम झोताच्या बरोबर समोर, सूप मांडलेले. मीठ लावलेला पदार्थ सर्किटजवळ पाहून माझ्या पोटात गोळा आला. पण हवा पुढून घेतली जाते आणि मागून बाहेर पडते, म्हणजे मागचे मीठ आत जाण्याचा संभव कमी. सूप दोन फूट मागे सरकवून घेतले. तिथे ३६ अंशांचा कोरडा वारा होता, आणि आमसुले चार दिवसांत तयार झाली.