शंका न आलेला ग्राहक

ऑस्ट्रेलियात १९७४ चा ट्रेड प्रॅक्टिसेस ॲक्ट लागू असतानाचा हा दावा आहे. त्या कायद्याच्या कलम ५२ ने कंपन्यांना व्यापारात दिशाभूल करणारे किंवा दिशाभूल होण्याचा संभव असलेले वर्तन करण्यास मनाई केली होती, आणि त्यासाठी वाईट हेतू सिद्ध करण्याची गरज नव्हती. आमचे अशील लहान मुलांच्या त्वचेसाठी लोशन बनवत. प्रतिस्पर्ध्याने आणलेल्या नव्या लोशनच्या नावातील पहिला शब्द आमच्या अशिलाच्या नावाशी जवळजवळ जुळत होता, आणि दुकानांत दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवल्या जात. सॉलिसिटर या नात्याने ग्राहकांची प्रतिज्ञापत्रे मी तयार केली होती. फेडरल कोर्टात उलटतपासणी झाली त्या दिवशी मी आमच्या बॅरिस्टरांच्या मागे बसलो होतो.

पहिली साक्ष एका तरुण आईची होती. नाव वाचून आपला गोंधळ उडाला, असे तिने प्रतिज्ञापत्रात स्पष्ट म्हटले होते, त्यामुळे आमच्याकडे तोच सर्वांत भक्कम पुरावा मानला जात होता. गोंधळ उडाल्यावर तुम्ही काय केले, एवढेच समोरच्या बॅरिस्टरांनी विचारले. बाटली फिरवून मागचे लेबल वाचले, दुसऱ्या कंपनीचे लोशन आहे हे कळले आणि स्वस्त होते म्हणून घेतले, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले. उलटतपासणी तेथेच संपली.

ग्राहकाच्या मनात प्रश्न उभा राहिला म्हणजे त्याची दिशाभूल झाली असे होत नाही, हे १९८२ च्या टाको बेल निकालापासून तेथे मानले जाते. वर्तनामुळे त्याची चुकीची समजूत व्हावी लागते. तिची तशी समजूत झालीच नव्हती. उलट शंका आल्यामुळेच ती सावध झाली होती.

दुसरे साक्षीदार वयस्कर गृहस्थ होते; ते नातवासाठी लोशन घेत. त्यांच्या प्रतिज्ञापत्रात गोंधळाचा उल्लेखही नव्हता, आणि ते दाखल करावे की नाही यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली होती. प्रतिपक्षाने नेमका तोच धागा पकडला. ‘म्हणजे तुमचा काहीच गोंधळ झाला नाही?’ असे विचारताच ते ठामपणे म्हणाले, ‘मुळीच नाही. आमची सून जे लोशन आणते, त्याच कंपनीने काढलेला हा नवा प्रकार आहे.’ साक्षीच्या पिंजऱ्यातही ते वर्तमानकाळातच बोलत होते, कारण त्यांची ती समजूत अजूनही कायम होती. असे तुम्हाला का वाटते, हे न्यायाधीशांनी स्वतः विचारले. नावावरून, आणि दोन्ही बाटल्या एकाच ठिकाणी होत्या म्हणून, असे त्यांनी सांगितले. मग त्यांना मागचे लेबल दाखवून, हे का वाचले नाही, असे विचारण्यात आले. ते म्हणाले, ‘शंका आली असती तर वाचले असते.’

माझ्या मते संपूर्ण दावा त्या एका उत्तरात होता. ज्याची खरोखर दिशाभूल होते तो गोंधळलेला नसतो. त्याला खात्री असते, आणि म्हणूनच तो चौकशी करत नाही.

प्रतिपक्षाचा भर १९८२ च्याच पार्कडेल निकालावर होता. तेथे फर्निचर हुबेहूब सारखे असूनही त्यावरचे निर्मात्याचे लेबल पुरेसे ठरले होते. परंतु मोठी रक्कम मोजून फर्निचर घेणारा माणूस लेबल पाहील, अशी अपेक्षा रास्त असते. एका हाताने मूल सांभाळत फळीवरून बाटली उचलणाऱ्याकडून तीच अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते, आणि न्यायाधीशांनीही हा फरक मान्य केला. कॅम्पोमार विरुद्ध नायके या २००० सालच्या निकालात हायकोर्टाने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती वस्तू घेणाऱ्या वर्गातील सामान्य, वाजवी ग्राहकावर काय परिणाम होईल हे पाहावे, असे म्हटले होते. तेथेही दुकानांत दुसऱ्याच कंपनीचे, पण नायकेच्या नावाचे सुगंधी द्रव्य इतर स्पोर्ट्स परफ्यूमांसोबत मांडले जात असे. ग्राहकावरचा परिणाम ठरवताना टोकाच्या किंवा विक्षिप्त प्रतिक्रिया धरल्या जात नाहीत. आमच्या साक्षीदाराच्या समजुतीत विक्षिप्त असे काहीही नव्हते.

निकाल आमच्या बाजूने लागला: निर्मात्याचे नाव बाटलीच्या दर्शनी भागावर ठळक असल्याशिवाय प्रतिस्पर्ध्याला लोशनचे ते मिळतेजुळते नाव वापरण्यास मनाई झाली. २०११ पासून तीच तरतूद ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉच्या कलम १८ मध्ये आहे. आता ग्राहकाचे प्रतिज्ञापत्र तयार करताना तुमचा गोंधळ झाला का, हे मी विचारत नाही; ही वस्तू कोणाची वाटली आणि कशावरून, हे विचारतो, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवून घेतो.