एकशेऐंशी बायकांचं कार्यालय

गरोदरपणाच्या तेराव्या आठवड्यात डबल मार्कर या रक्तचाचणीचा रिपोर्ट मोबाइलवर आला. आलेखात लाल रेघेच्या वर एक ठिपका, खाली ठळक अक्षरांत ‘स्क्रीन पॉझिटिव्ह’, डाउन सिंड्रोम १:१८०. वय ३१, एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची सोनोग्राफी) नॉर्मल. मी ऑफिसच्या जिन्यातच बसकण मारली.

आमच्या डॉक्टरांकडे नेहमीसारखी गर्दी. “पॉझिटिव्ह आलंय, एनआयपीटी करून घ्या, ९९ टक्के अचूक असते,” एवढं सांगून त्यांनी पुढचा नंबर बोलावला. एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तातल्या डीएनएवरून होणारी बाळाची तपासणी. घरी पोचेपर्यंत बाळाला डाउन आहे हे मी धरूनच चालले होते.

मैत्रिणीच्या आग्रहाने जेनेटिक काउन्सेलरकडे गेलो. त्या बाईंनी टक्क्यांचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, “असाच रिपोर्ट आलेल्या १८० जणी एका मंगल कार्यालयात बसवा. १७९ जणींच्या बाळांना डाउन नसणार.” २५० मध्ये एक ही रेघ लॅबने आखलेली, तिच्या अलीकडे ठिपका आला की लाल शाई, बस्स!

मग मी मनातलं विचारलं. एनआयपीटीही पॉझिटिव्ह आली तर ९९ टक्के खात्रीच ना? त्यांनी माझाच रिपोर्ट पालथा घातला आणि हिशेब मांडला. हजारात एक धोका असलेल्या १०,००० बायका घ्या. डाउन असलेली बाळं १०, ती सगळी सापडली असं धरू. पण उरलेल्या ९,९९० मध्ये हजारी एक जरी खोटा इशारा निघाला, तरी आणखी १० पॉझिटिव्ह. म्हणजे निम्मे खोटे! आता माझ्यासारख्या, १८० मध्ये एकवाल्या १०,००० घ्या. खरी साधारण ५५, खोटे इशारे तेच १०. इथे पॉझिटिव्हचा अर्थ ८५ टक्क्यांच्या आसपास. टेस्ट तीच, शब्द तोच, आणि अर्थ बाईगणिक वेगळा. म्हणून पॉझिटिव्ह आलं तरी सोळाव्या आठवड्यानंतर ॲम्निओ, म्हणजे गर्भजल काढून तपासणी, केल्याशिवाय कसलाच निर्णय घ्यायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मला राग आला तो एवढाच, की हे सांगायला त्यांना दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

एनआयपीटीसाठी रक्त दिलं. नऊ दिवस कसे काढले ते राहू दे. ‘लो रिस्क’ आलं.

“म्हणजे नाहीच,” नवरा म्हणाला.

मी त्याच कागदावर गणित केलं. “डाउन असलेल्या शंभर बाळांतलं एक टेस्टमधून सुटतं असं धरलं, तर साधारण १८,००० मध्ये एक.”

“एवढ्या बायकांना कार्यालय नाही पुरायचं,” तो म्हणाला, “स्टेडियम लागेल.”