‘फक्त फ्रेंड्सना दिसतं’ म्हणजे नेमकं कोणाला?

‘सेटिंग फ्रेंड्सचं आहे, यादीत सगळी ओळखीचीच माणसं आहेत, मग फेसबुकवर डायरीसारखं लिहिलं तर बिघडलं कुठे?’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते. स्क्रीनशॉटचा धोका सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडून देऊ.

खरी गोम ‘फ्रेंड्स’ या शब्दाआड आहे. पोस्ट टाकली त्या दिवशीची यादी कायम राहत नाही; ज्या दिवशी कोणी वाचेल, त्या दिवशीची यादी लागू होते. आज नव्या साहेबांची रिक्वेस्ट स्वीकारलीत की जुन्या नोकरीला वैतागून रात्री दोनला लिहिलेलं त्यांना आपोआप खुलं. तिथवर स्क्रोल करायचीही गरज नाही, प्रोफाइलमधल्या सर्चमध्ये एक शब्द टाकला की झालं. त्याच पोस्टमध्ये बहिणीला टॅग केलं असेल, तर ती सहसा बहिणीच्या फ्रेंड्सनाही दिसते. ‘पण मी कोणाचं नाव घेतलेलं नाही!’ तुम्ही नसेल घेतलं. खाली मावशी कमेंट करते, ‘डॉक्टर काय म्हणाले गं तिच्या रिपोर्टबद्दल?’ आणि झाकून लिहिलेलं सगळं उघडं पडतं. मावशीची त्यात काही चूक नाही.

हे सगळं तुम्ही सांभाळलंत तरी एक गोष्ट तुमच्या हातात नाही. मे २०१८ मध्ये काय झालं ते पाहा. पोस्ट लिहायच्या चौकटीत मागच्या वेळी निवडलेलं सेटिंग आपोआप येतं, त्यामुळे तिकडे कोणी बघतच नाही. प्रोफाइलवर खास फोटो वगैरे ठळक दाखवायची नवी सोय फेसबुक बनवत होतं. त्या गोष्टी सर्वांना दिसणाऱ्या, म्हणून त्यांचं सेटिंग पब्लिक. एका बगमुळे, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे, तेच ‘पब्लिक’ साध्या नव्या पोस्टनाही सुचवलं जाऊ लागलं. १८ ते २७ मे या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोकांना याचा फटका बसला. ज्यांनी पोस्ट करण्याआधी ‘कोणाला दिसेल’ हे दाखवणारं छोटंसं बटण पाहिलं नाही, त्यांचं लिखाण जगासाठी खुलं झालं. कंपनीने त्या पोस्टचं सेटिंग पूर्ववत केलं आणि जूनमध्ये लोकांना कळवलं. मधल्या दिवसांत कोणी काय वाचलं, ते कसं मागे घेणार? बेफिकीर लोकांचंच असं होतं म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवते. यातल्या कोणीही स्वतःहून सेटिंग बदललेलं नव्हतं.

मग करायचं काय? आधी फेसबुकवरची आपली माहिती डाउनलोड करा, म्हणजे लिहिलेलं तुमच्याकडे राहील. फॉरमॅट एचटीएमएल निवडा, म्हणजे साध्या ब्राउझरमध्ये वाचता येते. मग ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये, म्हणजे तुम्ही फेसबुकवर केलेल्या सगळ्याच्या नोंदीत, जाऊन वर्षानुसार पोस्ट निवडा आणि आर्काइव्ह करा (म्हणजे त्या फक्त तुम्हालाच दिसतील) किंवा ट्रॅशमध्ये टाका. ट्रॅशमधलं ३० दिवसांनी पुसलं जातं, तोवर परत आणता येतं. जुन्या पोस्टचं सेटिंग एकदम बदलणाऱ्या ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ या सोयीवर विसंबू नका. त्याने पब्लिक पोस्ट फक्त ‘फ्रेंड्स’वर येतात, म्हणजे मूळ दुखणं तसंच. शिवाय ते एका क्लिकने उलटवता येत नाही, एकेक पोस्ट बदलत बसावं लागतं.

‘ओन्ली मी, म्हणजे फक्त स्वतःला दिसेल असं सेटिंग करून लिहा’ असं मी बरीच वर्षं सांगत आलेय. तो सल्ला पूर्ण मागे घेत नाही, पण आता तितक्या ठामपणे देत नाही. पासवर्ड दुसऱ्याच्या हाती लागला तर ओन्ली मी वाचणारा तो दुसरा असतो, आणि अकाउंट बंद पडलं तर डायरीही त्याच्याबरोबर जाते. मग फोनमधली लॉक केलेली नोट किंवा सरळ वही काय वाईट?

यावर बरेचजण म्हणतात, वहीत कोणी ‘काळजी घे’ असं लिहीत नाही. बरोबर आहे, याला माझ्याकडे तोड नाही. मग निदान ते चारशे जणांपुढे न टाकता एकाच माणसाला पाठवा. स्क्रीनशॉट तोही काढू शकतो, पण तो कोणी काढला हे तरी तुम्हाला ठाऊक असेल.